मुलांना फिटनेसची सवय लावायचीये पण दोन आठवड्यांत निम्मी गळतात, काय करावं?

सांजवेळ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही तीन-चार मोठी माणसं मिळून मुलांचा एक ग्रुप चालवतो, पगारी वगैरे कोणी नाही, हौस म्हणून. मुलं १२ ते १७ वयाची, पंचवीसेक, त्यात मुली नऊ-दहा. आठवड्यातून तीन संध्याकाळी जमतो. यावेळी ठरवलं की तीन महिने फक्त फिटनेस घ्यायचा, सुरुवातीला सगळ्यांची टेस्ट, मग सराव आणि शेवटी परत तीच टेस्ट, म्हणजे ज्याची प्रगती त्याला दिसेल. पुशअप किती, मिनिटाला सिटअप किती, दीड किलोमीटर पळायला वेळ किती, पाय सरळ ठेवून बसल्यावर हात कुठपर्यंत पोचतात, आणि वजन-उंची. सगळं एका मोठ्या तक्त्यावर लिहून भिंतीला लावलंय.

पहिल्या आठवड्यात काय उत्साह होता विचारू नका. दुसऱ्यापासून गळती सुरू. जी पोरं आधीपासून खेळतात ती न चुकता हजर, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप त्यांचं कोणाचं पोट दुखतंय, कोणाचा क्लास आहे, कोणाचे बूट फाटलेत. मुली तर दोनच उरल्यात.

आता आमच्यातला एकजण म्हणतो बक्षीस ठेवू, दुसरा म्हणतो २१ दिवस कसंबसं खेचा, मग सवय लागतेच. त्यात दोन मोठी मुलं वजनं उचलायची म्हणून हटून बसलीत आणि त्यांचे पालक म्हणतात उंची खुंटेल. शिवाय निम्मी मुलं रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलवर असतात ते वेगळंच. कोणी असं काही चालवलंय का? काय चाललं, काय नाही, ते सांगा. उपदेश नको, तो घरी भरपूर मिळतो :)

---

पीटीचा तास

बरीच वर्षं शाळेत पीटी शिकवतोय. आधी तो तक्ता उतरवा, बाकीचं नंतर बोलू.

गंमत नाही. ज्याच्या नावापुढे पुशअप २ लिहिलंय तो मुलगा रोज त्या भिंतीसमोर उभा राहतो, आणि पुढच्या खेपेला ४ होतील या आशेवर नाही तर आता सगळ्यांना कळलंय या धास्तीत. मग पोट दुखणारच. टेस्ट घेणं वाईट नाही, मी पण घेतो, पण तुलना कोणाशी करताय ते बघा. अमेरिकेत कितीतरी वर्षं राष्ट्राध्यक्षांच्या नावाची एक शालेय फिटनेस टेस्ट होती, तिचा वरचा पुरस्कार मिळायला पाचही प्रकारांत ८५ व्या पर्सेंटाइलच्या वर असावं लागायचं. म्हणजे आपल्या वयाच्या शंभरातल्या पहिल्या पंधरांत, तेही पाचही ठिकाणी. बाकीच्यांना पहिल्याच दिवशी माहीत की आपलं काही खरं नाही. २०१२ मध्ये त्यांनी ती पद्धत बंद करून दुसरी आणली, ज्यात नंबर नसतो, त्या वयाला तब्येतीच्या दृष्टीने पुरेशी अशी एक पातळी असते आणि तुम्ही त्या पातळीत आहात की अजून पोचायचंय एवढंच बघतात. (२०२५ मध्ये जुनी टेस्ट परत आणायचा आदेश निघाला, ते राजकारण वेगळं.)

मी काय करतो सांगतो. प्रत्येकाला एक जाड कार्ड, आकडे त्याने स्वतः लिहायचे, कार्ड त्याच्याकडेच राहतं. मला दाखवायचं असेल तर दाखवा. टेस्ट जोडीने, एक करतो, दुसरा मोजतो, जोडीदार स्वतः निवडायचा. पळण्यासाठी दीड किलोमीटरपेक्षा २० मीटरची बीप टेस्ट बरी, दोन रेघांमधे बीपच्या आत पोचायचं आणि बीप हळूहळू जवळ येत जातात. फक्त त्यात एक घोळ असतो, जो सगळ्यात आधी थांबतो तो एकटा कडेला उभा आणि पळणारे सगळे त्याच्याकडे बघतायत. म्हणून माझ्याकडे निम्मेच पळतात, बाकीचे निम्मे कडेला बसून आपापल्या जोडीदाराच्या फेऱ्यांवर खुणा करतात. जो थांबला तो सरळ जोडीदाराशेजारी जाऊन बसतो, पाणी पितो. कोण कधी थांबलं याकडे कोणाचं लक्षच नसतं कारण प्रत्येकजण आपलाच माणूस मोजत असतो.

आणि एक, उशिरा आला म्हणून चार राउंड मारायला लावत असाल तर ते बंद करा. पळणं ही शिक्षा आहे हे तुम्हीच शिकवायचं आणि मग ती आवडीने पळत नाहीत म्हणून धागा काढायचा, असं नको.

---

खडूस काका

सगळं गोड गोड चाललंय. स्पर्धा नाही, तक्ता नाही, शिक्षा नाही, मग मैदानावर यायचं कशाला, घरीच लोळा की. आम्हाला मागे पडल्यावर चीड यायची आणि त्या चिडीतूनच आम्ही पुढे गेलो.

---

पीटीचा तास

काका, तुम्ही पुढे गेलात म्हणून आज हे सांगताय. त्या वेळी जे चिडून घरी गेले आणि परत आलेच नाहीत ते इथे लिहायला येणार नाहीत. ज्यांना स्पर्धा आवडते त्यांच्यासाठी शेवटची पंधरा मिनिटं स्पर्धा ठेवा ना, कोण नाही म्हणतंय, फक्त ती ऐच्छिक ठेवा.

---

गुडघेदुखी

फिजिओथेरपिस्ट आहे, उंचीचा प्रश्न मी घेते कारण आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी आई-बाबा हाच प्रश्न घेऊन येतात.

वजनं उचलल्याने उंची खुंटते याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये यावर सविस्तर भूमिका मांडलीये, नीट शिकवलेला आणि कोणीतरी लक्ष ठेवून करून घेतलेला स्ट्रेंथचा व्यायाम मुलांना सुरक्षित आहे आणि फायद्याचा आहे. हाडांच्या टोकाशी वाढीचा जो भाग असतो त्याला इजा होऊ शकते हे खरं, पण ती होते कशी? घरी कोणी नसताना दोस्ताशी पैज लावून झेपत नाही ते वजन उचललं, किंवा पाठीची कमान करून हिसका दिला, अशी. म्हणजे वजनापेक्षा तोरा जास्त धोक्याचा.

तुमच्या त्या दोघांना सांगा की पहिला महिना शरीराचंच वजन. स्क्वॉट, पुशअप, प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून थांबणं), लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं). पुशअप जमत नसतील तर गुडघे टेकण्यापेक्षा उंचीवर करा, आधी भिंत, मग टेबलाची कडा, मग बाक, मग जमीन. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग सरळ राहिलं पाहिजे, कंबर खाली लोंबली की तिथेच थांबायचं, नंतरचे मोजायचे नाहीत. एका दमात १०-१५ वेळा स्वच्छ जमायला लागलं की मगच हातात हलकं वजन, आणि वाढवायचं तेही थोडं थोडं, ५ ते १० टक्क्यांनी. एका वेळी जास्तीत जास्त किती उचलता येतं हे बघायचा खेळ या वयात अजिबात नको. स्नायू वाढवायच्या पावडरी आणि क्रिएटिन तर १८ च्या आत नकोच, ती दोघं विचारणार बघा, विचारतातच.

उड्या पण घ्या, दोरीवरच्या, पायऱ्यांवरच्या, कसल्याही. हाडांची ताकद आयुष्यात जेवढी व्हायची त्यातली साधारण ९० टक्के मुलींत १८ आणि मुलांत २० वर्षांपर्यंत भरलेली असते आणि हाडांना धक्का बसला की ती जास्त चांगली भरतात. जागतिक आरोग्य संघटना पण ५ ते १७ वयासाठी आठवड्यात निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते ते याचसाठी.

१२-१४ च्या मुलांत झपाट्याने उंची वाढताना गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या टोकाशी दुखरा उंचवटा येतो, खूप पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्यांत जास्त. नाटक करतोय म्हणू नका. पूर्ण बंद करायची गरज बहुतेकदा नसते, उड्या आणि पळणं कमी करून पोहणं, सायकल असं काहीतरी द्यायचं. पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, लंगडणं असेल तर डॉक्टर. आणि पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलं तर त्या मुलाचा व्यायाम तिथेच बंद, डॉक्टरांनी तपासेपर्यंत परत नाही, यात कोणाची भीड ठेवू नका.

---

मागच्या बाकावरची

वय १९, त्यामुळे मी अजून "तरुण पिढी"त मोडते बहुतेक. मुली दोनच का उरल्या ते सांगू का?

वजन. सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं आणि कोणीतरी मोठ्याने आकडा म्हणणार आणि दुसरा लिहिणार. मी तेरा-चौदाची असताना एका शिबिरात हेच झालं होतं, वर सर हसत "खातेपिते घर की" म्हणाले, त्यांना तो जोक वाटला, मी त्यानंतर तिथे गेले नाही आणि बराच काळ दुसऱ्या कुठेच गेले नाही. १२ ते १७ मधे वजन वाढायलाच हवं हो, उंची वाढते, शरीर बदलतं, त्या वयात वजन आहे तेवढंच राहिलं तर उलट काळजी करा. आणि टेस्टच्या आकड्यांशेजारी वजन लिहिलं की मुलींना एकच निरोप जातो की हे सगळं बारीक होण्यासाठी चाललंय.

दुसरं म्हणजे कपडे आणि जागा. बदलायला आडोसा आहे का, बाथरूम जवळ आहे का, पाळीच्या दिवसांत "आज मी हलकं करते" एवढं म्हटलं की कोणी कारण न विचारता हो म्हणतं का, उड्या मारताना मुलांचा घोळका समोर उभा असतो का. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा नसेल तर पळणं ही शिक्षाच असते आणि हे कोणी पुरुष शिक्षकाला सांगणार नाही, त्यामुळे तुमच्या तीन-चार जणांत एक तरी बाई हवी. आहे का?

तिसरं, काय करायचं हे कोणी विचारलंच नाही. पळणं आणि पुशअप म्हणजेच फिटनेस असं कोणी ठरवलं? नाच चालेल, दोरीउड्या चालतील, जिने चढणं चालेल, मैत्रिणीबरोबर बोलत झपझप चालणं चालेल. २०१६ च्या आकडेवारीवर जागतिक आरोग्य संघटनेने जो जगभरचा अभ्यास केला होता त्यात ११ ते १७ वयातल्या ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुलगे पुरेसे हलतच नाहीत असं निघालं होतं. म्हणजे एवढ्या सगळ्या मुली आळशी नसणार ना, आपण जे समोर ठेवतोय त्यातच काहीतरी चुकतंय.

आणि उलट बाजू पण बघा, एखादी अचानक खूप व्यायाम करायला लागली, जेवण टाळतेय, पाळी थांबलीये, तर शाबासकी देऊ नका, घरी बोला आणि डॉक्टरकडे पाठवा. मुलांमधेही होतं हे.

---

सांजवेळ

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. तक्ता काल उतरवला, काटाही ठेवून दिला. एका मुलीच्या मोठ्या बहिणीला विचारलंय, ती यायला तयार आहे. गुडघेदुखी ताई, टेबलाच्या कडेवर पुशअप करून बघितले, ज्याला जमिनीवर दोन जमत नव्हते त्याने आठ केले आणि उठून इकडेतिकडे बघत होता की कोणी पाहिलं का.

बक्षीस, २१ दिवस आणि झोप राहिलं.

---

सवयखोर

२१ दिवसांचं विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, प्रत्येकाने रोज एक नवी गोष्ट ठरलेल्या वेळी करायची आणि ती किती आपोआप होते ते नोंदवायचं. सवय जडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कोणाला १८ लागले तर कोणाचा हिशोब २५४ वर गेला. व्यायामासारख्या गोष्टीला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि मला त्यातली सगळ्यात कामाची वाटते ती गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही. हे मुलांना आवर्जून सांगा, कारण २१ दिवसांच्या नादात सहाव्या दिवशी खाडा झाला की "गेलं सगळं" म्हणून सोडून देतात.

मुलांनी स्वतःच्या कार्डावर एकच सवय लिहायची, स्वतः निवडलेली, आणि लिहायची कशी तर अमुक झालं की मी तमुक करणार अशी. पहिल्या दिवशी सगळे लिहितात "रोज एक तास पळणार". ते खोडायला लावा. कधी? कुठे? पाऊस असला तर? मग ते होतं "शाळेतून आल्यावर दप्तर ठेवलं की बूट न काढता पाच मिनिटं दोरीउड्या". पाच मिनिटं ऐकून पालक हसतील, हसू द्या. पाचाची पंधरा मिनिटं मुलं आपणहून करतात, तासाची पंधरा मात्र कोणी करत नाही, सरळ बंद करतात.

बक्षिसाबद्दल, १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या नर्सरीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली, काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. प्रमाणपत्र मिळालं, आणि नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा आधी आमिष नको, मधेच एखाद्या दिवशी सगळ्यांना मिळून काहीतरी मजा करा की. आणि शाबासकी देताना "हुशार", "स्ट्राँग" पेक्षा नेमकं बोला, आज तुझी कंबर शेवटपर्यंत सरळ होती, असं.

एक तास रोज हवा म्हणून घाबरायचं पण कारण नाही. २०२० च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ६० मिनिटं ही आठवडाभराची सरासरी म्हणून धरलीयेत, रोज एका बैठकीत तासभर असं नाही. शाळेत चालत गेलेलं, मधल्या सुट्टीत शिवाशिवी खेळलेलं सगळं धरा, फक्त दम लागला पाहिजे, म्हणजे बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत.

---

रात्रपाळी

झोपेबद्दल मी लिहितो, नर्स आहे आणि घरात १५ वर्षांचा नमुना आहे.

वयात येताना शरीराचं घड्याळ खरोखर तास-दोन तास उशिरा चालायला लागतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. त्यामुळे दहाला झोप येत नाही हा निव्वळ माज नसतो. गरज मात्र १३ ते १८ ला ८ ते १० तासांचीच असते, आणि शाळा काही थांबत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. ते आपल्या हातात नाही, पण उठायची वेळ आणि फोन हे थोडंफार आहे.

आमच्याकडे भांडणं झाली ती "फोन ठेव" यावरून. आता फोन खोलीबाहेर चार्जिंगला लागतो, सगळ्यांचा, माझा पण, आणि गजराचं साधं घड्याळ आणलंय, कारण "मला अलार्म लागतो" हे त्याचं पहिलं वकीलपत्र होतं. सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त झोपू दे, दुपारी बारापर्यंत नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी रात्री परत तेच. सकाळी उठल्या उठल्या बाहेरच्या उजेडात जाणं, अगदी दहा मिनिटं, हे घड्याळ मागे खेचायला सगळ्यात सोपं. संध्याकाळनंतर कॉफी नाही आणि एनर्जी ड्रिंक तर मुलांना कधीच नाही, एका डब्यात किती कॅफीन असतं ते त्याच्यावरच वाचून दाखवा.

सांजवेळ, तुमचा सराव किती वाजता संपतो? नऊ-साडेनऊपर्यंत दमवत असाल तर तो जरा आधी घ्या.

---

खडूस काका

झालं सगळ्यांचं? मग मला एक सांगा, तुम्ही तीन-चार मोठी माणसं तिथे शिट्टी घेऊन उभी असता की पळता?

---

सांजवेळ

शिट्टी.

---

खडूस काका

मग बोलायलाच नको. तुमचंही कार्ड करा, तुमचेही पुशअप त्या पोरांना मोजू द्या. माझे गुडघे बघता मला भिंतीवरचेच जमतील, पण पोरांसमोर करायची माझी तयारी आहे.

---

पीटीचा तास

काका, +१, यावर वाद नाही.

सांजवेळ, शेवटच्या टेस्टबद्दल एक राहिलं. तीच जागा, तीच वेळ, तेच बूट ठेवा, नाहीतर आकडे काहीही येतील. तीन महिन्यांत दम आणि पुशअप बहुतेकांचे सुधारलेले दिसतील, लहान मुलांत स्नायू फुगलेले दिसणार नाहीत, त्यांची ताकद आधी मेंदू आणि स्नायूंचं जुळल्याने वाढते, तेव्हा आरशात काही दिसत नाही म्हणून ती नाराज व्हायच्या आत सांगून ठेवा. आणि ज्याची उंची या काळात भराभर वाढली त्याचे हात पायांपर्यंत पोचणं उलट कमी झालेलं असू शकतं. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात, त्याला कार्डावर "उंची वाढली" असं शेजारी लिहायला सांगा. कार्डाचा माझा नमुना टाइप करून इथेच टाकतो, रविवारपर्यंत.